शोधशब्दांचं वजन: जुना शोध पोस्टग्रेसवर नेतानाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

काम असं आहे. देखभालीच्या दस्तऐवजांचा शोध आज एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालतो, तो पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचा. मॅन्युअल, सर्व्हिस बुलेटिन, बंद झालेल्या तक्रारींचे अहवाल, सगळा मजकूर हलवून झालाय. अडलंय ते क्रमवारीपाशी. जुन्या कोडमध्ये शोधातल्या प्रत्येक शब्दाला वजन दिलेलं आहे: मॉडेल क्रमांकाला ०.९, सुट्या भागाच्या नावाला ०.६, आणि ‘बदलणे’, ‘तपासणे’ असल्या क्रियापदांना ०.२. ‘इझअबाउट’ नावाच्या रचनेत हे शब्द आणि त्यांची वजनं एकापुढे एक लिहायची, वजन ० ते १ मधलं. मागणी सरळ आहे: हीच वजनं नव्या ठिकाणी तशीच्या तशी चालली पाहिजेत.

हे आकडे कुणी आणि कशाच्या आधारावर ठरवले, हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. विचारलं तर प्रत्येक जण आधीच्या माणसाकडे बोट दाखवतो.

५ फेब्रुवारी

जुन्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे लिखित प्रश्न, एकेक करून वाचल्या. बऱ्याच ठिकाणी ‘इझअबाउट’ हे ‘कन्टेन्स’च्या आत, म्हणजे अटीच्या कलमात बसवलंय. तिथे वजनाचा काहीही परिणाम होत नाही. ‘कन्टेन्स’ फक्त ओळ (टेबलातली एक नोंद) जुळते की नाही तेवढं सांगतं. वजन लागू पडतं ते ‘कन्टेन्सटेबल’मध्ये, कारण तिथे प्रत्येक ओळीसोबत ० ते १००० मधला रँक, म्हणजे जुळणीचा गुण, येतो. म्हणजे या क्वेरींमधली ०.९ आणि ०.६ नुसती शोभेला होती. त्या पानांवर निकाल तारखेप्रमाणे लावलेत आणि आजवर कुणाची तक्रार नाही. ही पानं यादीतून काढली, काम तेवढंच कमी.

उरलेल्यांत एक डोकेदुखी आहे: ‘रँक २०० पेक्षा जास्त असेल तरच दाखवा’. रँकचा आकडा त्या एका क्वेरीपुरता असतो, त्यातून फक्त कोण आधी आणि कोण नंतर एवढं कळतं. एका शोधातले २०० आणि दुसऱ्या शोधातले २०० यांची तुलना होत नाही. ही मर्यादा नव्या ठिकाणी नेणार नाही. त्याऐवजी वरचे ठरावीक निकाल दाखवू आणि पुढचं पान देऊ.

६ फेब्रुवारी

पोस्टग्रेसमध्ये वजन आहे, पण ते वेगळ्याच गोष्टीचं आहे. ‘सेटवेट’ने मजकुराच्या भागाला ए, बी, सी, डी यांपैकी एक खूण लावायची: शीर्षकाला ए, उपशीर्षकाला बी, मुख्य मजकुराला डी. मग ‘टीएस-रँक’ त्या खुणेप्रमाणे गुण देतं. न सांगता धरलेले आकडे डी, सी, बी, ए या क्रमाने ०.१, ०.२, ०.४ आणि १.०. म्हणजे हे वजन शब्द दस्तऐवजात कुठे आला याचं झालं. आपल्याला हवंय ते शोधणाऱ्याने टाकलेल्या शब्दाचं, आणि त्यासाठी क्वेरीत जागाच नाही.

क्वेरीतल्या शब्दापुढे कोलन देऊन ए लिहिता येतं, पण त्याचा अर्थ ‘हा शब्द ए भागात असेल तरच जुळव’ एवढाच. तो गाळणीचा नियम आहे, गुणांशी त्याचा संबंध नाही. टीममधल्या एकाने ते वजन समजून चाचणीसाठी लिहिलं होतं आणि निकाल एकदम निम्म्यावर आले, तेव्हा कागदपत्रं उघडून हा भाग सगळ्यांना दाखवला. शिवाय जिन इंडेक्समध्ये, म्हणजे शब्दावरून ओळी चटकन शोधून देणाऱ्या सूचीत, या खुणा साठवलेल्याच नसतात. खूण लावून विचारलं की सापडलेली प्रत्येक ओळ मूळ टेबलात जाऊन पुन्हा तपासावी लागते.

सपोर्टच्या ताईंना फोन केला आणि विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय. त्या म्हणाल्या, “अहो, मॉडेल नंबर टाकला की त्याच मॉडेलचं आलं पाहिजे ना वर! बाकी तुमचं पॉइंट नऊ आणि पॉइंट सहा आम्हाला काय माहीत.”

आता लक्ष्य हेच धरायचं.

१० फेब्रुवारी

‘टीएस-रँक’ आतून काय करतं ते आज त्याच्या मूळ कोडमध्ये वाचलं. क्वेरीत एकच शब्द असेल, किंवा शब्द ‘किंवा’ने जोडलेले असतील, तर हिशेब असा: शब्दाच्या पहिल्या आढळाला त्या जागेचं पूर्ण वजन, दुसऱ्याला वजन भागिले ४, तिसऱ्याला भागिले ९, चौथ्याला भागिले १६. सर्वांत जड आढळ पहिला धरला जातो. सगळ्याची बेरीज करून १.६४४९३ ने भागायचं. हा आकडा म्हणजे पाय (π) या स्थिरांकाचा वर्ग भागिले ६, म्हणजेच १ + १/४ + १/९ + … ही बेरीज अनंतापर्यंत नेली तर जिथे पोचते तो. अनेक शब्द असतील तर शेवटी शब्दांच्या संख्येनेही भागतात.

म्हणून मुख्य मजकुरात एकदाच आलेल्या शब्दाला नेहमी ०.०६०८ मिळतात. हा आकडा पोस्टग्रेसवर शोध लिहिणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला असतो. शीर्षकात एकदा आला तर ०.६०८.

खरी गंमत पुढे आहे. डी भागात शब्द कितीही वेळा आला तरी त्याची मजल ०.१ च्या पुढे जात नाही. सी भागात एकदाच आला की ०.१२२. सीची कमाल ०.२, तर बी भागातला एकच आढळ ०.२४३. बीची कमाल ०.४, आणि ए भागातला एकच ०.६०८. म्हणजे मूळ आकडे ठेवले तर ही चक्क पायऱ्यांची उतरंड होते. शीर्षकात एकदा आलेला शब्द उपशीर्षकातल्या शंभर आढळांना हरवतो, उपशीर्षकातला एकच मुख्य मजकुरातल्या शंभरांना. कारण साधं आहे: शेजारच्या दोन वजनांचं गुणोत्तर २ किंवा त्याहून जास्त आहे आणि पुनरावृत्तीतून मिळणारी वाढ कधीच १.६४५ पटीच्या वर जात नाही.

वजनांचं गुणोत्तर १.६४५ च्या खाली आणलं तरच मुख्य मजकुराला वर चढायची संधी मिळते. म्हणून डी आणि सी ०.५, बी ०.७, ए १.० असं ठेवून पाहिलं. आता बी भागातल्या एका आढळाला ०.४२६ मिळतात, आणि मुख्य मजकुरात शब्द चारदा आला की तो त्याच्या पुढे जातो. तीनदा आला तर थोडक्यात मागे राहतो. ए मात्र वरच राहतो, कारण डीची कमाल ०.५ आहे. आमच्या दस्तऐवजांना हे बसतं. शीर्षकं नेमकी दिलेली आहेत, उपशीर्षकं मात्र ‘सूचना’, ‘टीप’, ‘इतर’ अशी मोघम.

११ फेब्रुवारी

‘आणि’ने जोडलेल्या क्वेरीला कालचा हिशेब लागू नाही. तिथे जोड्या बघितल्या जातात: दोन शब्दांच्या वजनांचा गुणाकार, त्याला अंतराचा गुणक, आणि त्याचं वर्गमूळ. मुख्य मजकुरात दोन शब्द शेजारी असतील तर ०.०९९. प्रत्येक जोडी आधीच्या गुणांत भर घालत १ च्या दिशेने नेते, त्यामुळे इथे पुनरावृत्ती साचत जाते आणि कालची उतरंड टिकत नाही. लांब दस्तऐवज वर सरकतात. अंतर १०० च्या पुढे गेलं की जोडीची किंमत जवळपास शून्य.

म्हणजे एकाच फंक्शनमध्ये दोन वेगळे स्वभाव आहेत आणि कुठला लागू होणार ते क्वेरीच्या सर्वांत वरच्या जोडणीवर ठरतं. हे माहीत नसताना वजनं बदलत बसणं म्हणजे अंधारात तीर.

१३ फेब्रुवारी

शब्दावार वजनाचा रस्ता: क्वेरी फोडायची. प्रत्येक शब्दाची स्वतंत्र टीएसक्वेरी (पोस्टग्रेसच्या रूपातला शोध) करायची, प्रत्येकीवर ‘टीएस-रँक’ चालवायचं, येणाऱ्या गुणाला आपल्या वजनाने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. ओळी निवडायला मात्र आधीसारखी एकत्र क्वेरीच, म्हणजे इंडेक्स वापरला जाईल. प्रत्येक तुकड्यात एकच शब्द असल्यामुळे सगळीकडे १० तारखेचा हिशेब लागतो, ‘आणि’चा गोंधळ उरत नाही.

यात शब्दांमधलं अंतर हरवतं. ते परत आणायला पूर्ण शब्दसमूह सलग सापडला तर थोडा वेगळा गुण द्यायचा. इथे एक बारीक जागा आहे. शीर्षक आणि मजकूर यांचे टीएसव्हेक्टर, म्हणजे शब्द आणि त्यांची स्थानं यांच्या याद्या, जोडले की मजकुराची स्थानं शीर्षकाच्या शेवटच्या स्थानापासून पुढे मोजली जातात. त्यामुळे शीर्षकाचा शेवटचा शब्द आणि मजकुराचा पहिला शब्द शेजारी ठरतात, आणि कुणीच न लिहिलेला शब्दसमूह जुळतो. शब्दसमूहाची तपासणी म्हणून फक्त मुख्य मजकुराच्या वेगळ्या कॉलमवर ठेवली.

समानार्थी शब्दही आजच घेतले. ‘गळती’ टाकलं तर ‘लीक’ही शोधायचं, कमी वजनाने. दोन्हींची बेरीज केली तर ज्या अहवालात दोन्ही शब्द आहेत तो विनाकारण वर जातो. म्हणून समानार्थी गटातला सर्वांत मोठा गुण घ्यायचा, बेरीज नाही.

१७ फेब्रुवारी

जुनी वजनं या नव्या बेरजेत घातली आणि निकाल जुन्यापेक्षा वाईट आले. कुठे बिघडतंय ते एका शोधावर कागदावर मांडून बघितलं.

शोध: ‘केव्ही४० सील बदलणे’. दोन दस्तऐवज समोर. पहिला सर्वसाधारण पत्रक, शीर्षक ‘सील बदलणे’, आत ‘सील’ आणखी नऊ वेळा, मॉडेलचा उल्लेख नाही. दुसरा केव्ही४० च्या मॅन्युअलमधला ‘नियतकालिक देखभाल’ हा भाग, त्यात तिन्ही शब्द मजकुरात एकेकदा. सपोर्टला दुसरा हवा.

लांबीचा हिशेब बाजूला ठेवला तर पहिल्याला ‘सील’चे ०.७७५ आणि ‘बदलणे’चे ०.६०८. वजनं लावली: ०.७७५ × ०.६ + ०.६०८ × ०.२ = ०.५८७. दुसऱ्याला प्रत्येक शब्दाचे ०.३०४, त्यांवर ०.९, ०.६ आणि ०.२, मिळून ०.५१७. पत्रक जिंकलं. मॉडेलचं नाव नसलेला कागद मॉडेल टाकूनही वर!

मग जुन्या सर्व्हरवर तेच आकडे बरे का चालत होते? त्याच्या रँकच्या सूत्रात शब्दाची दुर्मिळता आधीच घेतलेली आहे: एकूण ओळी भागिले तो शब्द असलेल्या ओळी, आणि त्याचा लॉगॅरिदम. हाताने दिलेलं वजन त्यानंतर बसायचं. पोस्टग्रेसचं ‘टीएस-रँक’ मात्र समोरच्या एका दस्तऐवजापलीकडे काहीच बघत नाही. शब्द संग्रहात २० ठिकाणी आहे की ५००० ठिकाणी, याचा त्याला पत्ता नसतो. त्यांच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलंय, आणि दिलेली फंक्शनं ही फक्त उदाहरणं आहेत, आपापली लिहा, असंही.

दुर्मिळ शब्दाला जास्त किंमत द्यायची ही कल्पना कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडली. बीएम२५ हे शोधनिकालांच्या क्रमवारीचं सूत्र तिच्यावरच उभं आहे. आम्ही मॉडेलला ०.९ आणि क्रियापदाला ०.२ देतो तेव्हा हाताने तेच करू पाहतोय, फक्त मोजणी न करता. मॉडेल क्रमांक महत्त्वाचा असतो तो मुख्यतः तो मोजक्याच कागदांवर असतो म्हणून.

१८ फेब्रुवारी

मोजणी करायला बाहेरचं काही लागत नाही. ‘टीएस-स्टॅट’ प्रत्येक शब्द किती दस्तऐवजांत आहे आणि एकूण किती वेळा आहे ते देतं. ते पूर्ण टेबल वाचतं, म्हणून क्वेरीच्या वेळी चालवायचं नाही. रात्री एकदा चालवून निकाल वेगळ्या टेबलात ठेवायचा. एका दिवसाच्या शिळेपणाने काही बिघडत नाही, हजारोंमध्ये दहा-वीस कागद वाढले तर लॉगॅरिदमला जाणवतही नाही.

सूत्र: एकूण दस्तऐवज मोठं एन, शब्द असलेले लहान एन. मोठ्यातून लहान वजा करून ०.५ मिळवायचे, त्याला लहान अधिक ०.५ ने भागायचं, त्यात १ मिळवून नैसर्गिक लॉगॅरिदम. तो १ महत्त्वाचा, नाहीतर निम्म्याहून जास्त कागदांत असलेल्या शब्दाची किंमत ऋण होते आणि शब्द सापडल्याबद्दल शिक्षा मिळते.

हिशेबाला सोपं म्हणून १०,००० दस्तऐवज धरले. ‘बदलणे’ ५००० मध्ये: ०.६९. ‘सील’ ८०० मध्ये: २.५३. ‘केव्ही४०’ २० मध्ये: ६.१९. कालचेच दोन कागद, हाताची वजनं पूर्ण काढून टाकून: पत्रकाला २.३८, मॅन्युअलच्या भागाला २.८६. हवा तो वर आला, एकही आकडा मनाने न देता.

एक पळवाट लगेच बंद करावी लागली. संग्रहातले सर्वांत दुर्मिळ शब्द कोणते? टंकलेखनाच्या चुका. एखादा चुकीचा शब्द एकाच कागदात असतो आणि त्याला ८.८० मिळतात, खऱ्या मॉडेलपेक्षाही जास्त. समानार्थी गटात असा शब्द घुसला की तोच गट ओढून नेतो. म्हणून ५ पेक्षा कमी कागदांत असलेला शब्द ५ मध्येच आहे असं धरायचं, म्हणजे कमाल ७.५१. समानार्थी शब्दाची दुर्मिळता स्वतःची न घेता मूळ शब्दाची घ्यायची.

२० फेब्रुवारी

मॉडेल क्रमांक मोजणीच्या टेबलात सापडेनात. कागदांवर ते ‘केव्ही-४०’ असे संयोगचिन्हासह असतात, आणि मजकुराचे शब्द पाडणारा पोस्टग्रेसचा पार्सर त्याचे दोन तुकडे करतो: ‘केव्ही’ हा शब्द आणि ‘उणे ४०’ ही संख्या. केव्ही-४०, केव्ही-५० आणि केव्ही-६० यांचं पहिलं पद एकच, त्यामुळे ते मुळीच दुर्मिळ ठरत नाही, आणि ‘उणे ४०’ तापमानाच्या तक्त्यांतही सापडतं. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे संयोगचिन्ह काढून ‘केव्ही४०’ असं एक पद करतो आता.

शोधपेटीच्या बाजूने आणखी एक. ‘वेबसर्च’ प्रकारच्या क्वेरीत शब्दाआधीचं संयोगचिन्ह म्हणजे ‘हा शब्द नको’. कुणी ‘केव्ही -४०’ असं मध्ये जागा सोडून टाकलं तर ४० असलेले सगळे कागद बाद! वजनाची चर्चा त्याच्या फार पुढची.

मराठी मजकुराबद्दल थोडक्यात. पोस्टग्रेसमध्ये हिंदीचा स्टेमर, म्हणजे शब्दाचे प्रत्यय काढून टाकणारा भाग, १४ व्या आवृत्तीपासून आहे, मराठीचा नाही. शब्द जसेच्या तसे ठेवणारी ‘सिंपल’ मांडणी वापरली तर ‘पंप’ आणि ‘पंपाच्या’ ही दोन वेगळी पदं. सुरुवातीच्या अक्षरांवरून जुळवलं तर ‘पंप’चं भागतं. ‘पाणी’ आणि ‘पाण्याची’ यांचं भागत नाही, आणि ‘पाण’पर्यंत मागे आलो तर नको ते सापडतं. सुट्या भागांची आणि दोषांची नावं तशी मर्यादित आहेत, त्यांच्या सामान्यरूपांची यादी हाताने करून शब्दकोशात घातली. मोजणीही त्या मूळ रूपावरच होते, नाहीतर ‘पाण्याखालच्या’सारखं एखादं रूप दुर्मिळ ठरून भाव खातं.

२४ फेब्रुवारी

ताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉगमध्ये नोंदलेले प्रत्यक्ष शोध घेऊन प्रत्येकापुढे बरोबर कागद कोणता ते लिहून दिलं. काही शोधांना दोन-तीन बरोबर उत्तरं आहेत, काहींना एकही नाही. तेही उपयोगाचं. मोजमाप एकच ठेवलं: पहिला बरोबर कागद कितव्या क्रमांकावर, आणि त्या क्रमांकाचा व्यस्त. पहिला आला तर १, दुसरा आला तर ०.५, पाचवा आला तर ०.२. सगळ्यांची सरासरी.

या यादीवर हाताची वजनं एकेक करून लावून पाहिली. दुर्मिळतेच्या वर पुन्हा ०.९, ०.६, ०.२ लावले तर सरासरी घसरते. मॉडेल इतकं जड होतं की त्या मॉडेलचा कुठलाही कागद, अगदी वॉरंटीचं पत्रकसुद्धा, वर येतो आणि ‘सील’ हा शब्द बिचारा बाजूला पडतो. एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मोजल्यासारखं.

हाताचं वजन खरोखर उपयोगी पडलं ते दुर्मिळतेला न दिसणाऱ्या दोन जागी. पहिली, दोष-संकेतांक: काही संकेतांक इतके वारंवार येतात की दुर्मिळ नाहीत, पण तंत्रज्ञ संकेतांक टाकतो तेव्हा त्याला तोच हवा असतो. त्यांना १.५ पट. दुसरी, प्रणालीने स्वतःहून जोडलेले समानार्थी शब्द, त्यांना ०.५. बाकी सगळ्यांना १. साहेबांना हे थोडं जड गेलं, ‘वजनं कुठे गेली?’ म्हणाले. यादी दाखवली, मग मान हलवली.

२६ फेब्रुवारी

वेग. नेमक्या शोधांना काही अडचण नाही. ‘पंप बंद’ असल्या दोन सर्वसामान्य शब्दांना मात्र घाम फुटतो. गुण काढायला जुळलेल्या प्रत्येक ओळीचा टीएसव्हेक्टर वाचावा लागतो, इंडेक्समध्ये स्थानं नाहीत. मोठे टीएसव्हेक्टर टोस्ट टेबलात, म्हणजे मोठ्या मूल्यांच्या वेगळ्या जागेत, दाबून ठेवलेले असतात, आणि आमच्या बेरजेत प्रत्येक शब्दासाठी ‘टीएस-रँक’ वेगळं बोलावलं जात असल्याने तोच टीएसव्हेक्टर प्रत्येक वेळी नव्याने उलगडला जातो. चार शब्द म्हणजे चारदा. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्स्प्लेन अॅनालाइझमध्ये बफरचे, म्हणजे वाचलेल्या डेटाचे, आकडे घेतले की लगेच दिसतं.

रम हा बाहेरचा इंडेक्स स्थानंही साठवतो, त्याने हे सुटलं असतं, पण आमच्या सर्व्हरवर बाहेरची एक्स्टेन्शन्स बसवता येत नाहीत. म्हणून दुर्मिळतेचं टेबल इथेही कामाला लावलं. क्वेरीतल्या सर्वांत दुर्मिळ दोन शब्दांपैकी एक तरी असलेल्या ओळीच उमेदवार म्हणून घ्यायच्या आणि पूर्ण बेरीज फक्त त्यांच्यावर करायची. सगळेच शब्द सर्वसामान्य असतील तर ‘आणि’ने गाळायचं. ज्या कागदात क्रियापदाशिवाय काहीच जुळत नाही तो सुटतो, आणि सुटलेलाच बरा.

याच वेळी अखंड मॅन्युअल एक ओळ म्हणून ठेवणं बंद केलं. टीएसव्हेक्टरमध्ये स्थान १६,३८३ च्या पुढे मोजलं जात नाही, आणि एका शब्दाची जास्तीत जास्त २५६ स्थानं राहतात. जाड मॅन्युअलच्या शेवटच्या प्रकरणांना त्यामुळे खऱ्या अर्थाने जागाच नव्हती. आता एक ओळ म्हणजे एक भाग. लांबीतला फरकही आटोक्यात आला आणि लांबीच्या लॉगॅरिदमने भागणारा ‘टीएस-रँक’चा पर्याय १ पुरेसा ठरला. पर्याय २, सरळ लांबीने भागणारा, दोन ओळींच्या टिपांना डोक्यावर बसवतो.

२ मार्च

साइटवर जाणाऱ्या तंत्रज्ञांच्या लॅपटॉपवर ऑफलाइन प्रत लागते. ती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर, त्याच्या एफटीएस५ या शोधभागाने. तिथे बीएम२५ आतच आहे, दुर्मिळता फुकट मिळते. बीएम२५चे दोन स्थिरांक १.२ आणि ०.७५ कोडमध्ये पक्के बसवलेले आहेत. गुण ऋण येतात, जितका लहान तितका चांगला, म्हणजे चढत्या क्रमाने लावायचं. वजन देता येतं ते कॉलमला, शब्दाला इथेही नाही.

कॉलमचं वजन मात्र वेगळ्या जागी लागतं. शीर्षकाला १० दिले तर शीर्षकातला एक आढळ दहा आढळांइतका मोजला जातो, आणि मग सूत्रातली संपृक्तता, म्हणजे आढळ वाढतील तशी मंदावणारी वाढ, त्यावर बसते. सरासरी लांबीच्या कागदात एका आढळाला १, दहांना १.९६, विसांना २.०८, आणि छत २.२. म्हणजे शीर्षकाचं वजन १० वरून २० केलं तरी जेमतेम ६ टक्के फरक. शीर्षक वर येत नाही म्हणून कुणी १०० लिहिलं असेल तर ते बहुतेक निष्फळ. आम्ही ५ वर थांबलो.

देवनागरीसाठी इथे एक सेटिंग विसरून चालत नाही. युनिकोड६१ हा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरं आणि अंक शब्दात धरतो, मात्रांना नाही. ‘पाणी’ या शब्दाचे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे पडतात. मग प्रत्येक सुटं अक्षर अर्ध्याहून जास्त कागदांत, आणि एफटीएस५ अशा पदांची दुर्मिळता जवळपास शून्यावर आणून ठेवतं. क्रमवारी म्हणजे निव्वळ सोडत! टेबल बनवताना ‘कॅटेगरीज’मध्ये एमएन आणि एमसी हे मात्रांचे दोन वर्ग जोडले की शब्द अखंड राहतात.

९ मार्च

नवा शोध सपोर्टला दिला. जुना अजून बाजूला चालू आहे, वाचण्यापुरता.

वजनं कोडमध्ये ठेवलेली नाहीत. ‘शब्दप्रकार, गुणक, कुणी बदलला, का बदलला’ असं एक छोटं टेबल आहे, आणि ‘का’ हा रकाना रिकामा ठेवता येत नाही. गुणक बदलला की २४ तारखेची यादी आपोआप चालते आणि सरासरी खाली गेली तर बदल अडतो. सध्या टेबलात ओळी दोनच: संकेतांक १.५, समानार्थी ०.५.

बाकी राहिलेलं: वॉरंटीच्या पत्रकांना वेगळी खूण द्यायची की त्यांचा शोधच वेगळा करायचा, हे ठरायचंय. ताईंचं मत वेगळा करा असं. आणि सामान्यरूपांच्या यादीत ‘झडप’ अजून घातलेलं नाही, ‘झडपेचा’ शोधला की काहीच येत नाही. ते उद्या सकाळी आधी.